गिलावा चढण्याआधी

घर बांधताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या नव्या घराचं काम सुरू आहे. कॉलम, बीम, स्लॅब झाले आणि आता तळमजल्याच्या विटांच्या भिंती चढल्या आहेत. गेल्या रविवारी माझा मेहुणा साइटवर आला, त्याने फोनवर नऊ फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. कुणी म्हणतं भिंत वाकडी आहे, कुणी म्हणतं विटा फुटक्या लावल्यात, एका काकांनी तर सगळं पाडून नव्याने बांधून घ्यायला सांगितलं. ठेकेदाराला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, "साहेब, गिलाव्यात सगळं झाकून जाईल." माझं आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं, बांधकामातलं मला काही कळत नाही. तरी गवंड्याकडून ओळंबा मागून घेतला आणि हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीची मापं घेतली. दोरी आणि भिंत यांतलं अंतर तळाशी ५० मिलिमीटर, दीड मीटरवर ५१ आणि तीन मीटरवर ६४ आलं. याच भिंतीत वरच्या बाजूला एका ठिकाणी उभे सांधे एकाखाली एक सरळ रेषेत दिसतात, आणि संध्याकाळी आत उभं राहिलं की दोन-तीन फटींतून उजेड येतो. फोटो सोबत पाठवले आहेत. पाडायचं का?

उत्तर : तुम्ही तीन ठिकाणी मापं घेतलीत, त्याबद्दल आधी शाबासकी. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत फोटो ढीगभर असतात आणि माप एकही नसतं. तुमचं हिशेबात गेलेलं आयुष्य इथे उपयोगी पडलं आहे.

फोटोंचं आधी उरकून टाकते. तिसऱ्या फोटोत भिंत पोट काढून उभी आहे असं वाटतं. तीच भिंत सहाव्या फोटोत लांबून घेतली आहे आणि तिथे ती सरळ आहे. फोनच्या रुंद भिंगाने जवळून फोटो काढला की कडेच्या सरळ रेघा धनुष्यासारख्या वाकतात. काकांनी बहुधा तिसराच फोटो बघितला असावा. यापुढे फोटो काढाल तेव्हा भिंतीला टेप लावून काढा, आकडे दिसले पाहिजेत, आणि खडूने भिंतीवर तारीख लिहा.

आता मापं. आयएस २२१२ हे विटांच्या बांधकामाचं भारतीय मानक सांगतं की एका मजल्यात ३ मीटर उंचीला भिंत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त ओळंब्याबाहेर जाऊ नये. तुमची १४ मिलिमीटर गेली आहे, म्हणजे नापास. युरोपात युरोकोड ६ वापरतात. त्यात एका मजल्याच्या उंचीत २० मिलिमीटरपर्यंत सूट आहे, म्हणजे तिकडे हीच भिंत पास. दोन्ही पुस्तकं शहाण्या माणसांनीच लिहिली आहेत. त्यामुळे ठेकेदाराशी बोलायला जाण्याआधी करारनामा उघडा आणि काम कोणत्या मानकाप्रमाणे करायचं ठरलंय ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर तुमच्या इंजिनिअरला विचारा, त्याने नकाशावर टीप दिलेली असते.

मला मात्र १४ या आकड्यापेक्षा तो कुठे तयार झाला यात जास्त रस आहे. तळापासून दीड मीटरपर्यंत फरक फक्त १ मिलिमीटर. हे चांगल्या हाताचं काम आहे, त्यात बोट ठेवायला जागा नाही. उरलेले १३ मिलिमीटर सगळे वरच्या दीड मीटरात. भिंत साधारण दिवसाला दीड मीटर चढवतात, त्याहून जास्त चढवली तर खालच्या सांध्यांतला सिमेंट-वाळूचा ओला माल वजनाने दबतो. म्हणजे तुमची भिंत दोन दिवसांत झाली. पहिल्या दिवशी ज्याने बांधली त्याने दोरी आणि ओळंबा दोन्ही वापरले. दुसऱ्या दिवशी परांचीवर चढून काम होतं, आणि एक तर हात बदलला किंवा ओळंबा खालीच राहिला. हे मी इथे बसून सांगते आहे, पण तुम्ही हजेरी बघा, त्या दिवशी कोण आलं नव्हतं ते सापडेल.

उभ्या सांध्यांचा प्रश्न याच दुसऱ्या दिवसाचा आहे. सातव्या फोटोत मी मोजलं, सलग पाच थरांत उभा सांधा एकाच रेषेत आहे. विटांच्या भिंतीची ताकद सांधेमोडीत असते. खालच्या दोन विटांमधल्या सांध्यावर वरची अख्खी वीट बसते, म्हणून वजन पसरतं आणि भिंत एकसंध होते. युरोकोडात याचाही आकडा आहे: वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यापासून विटेच्या उंचीच्या ०.४ पट किंवा ४० मिलिमीटर, यांत जे जास्त असेल तितका तरी सरकलेला हवा. नेहमीच्या विटेला ४० मिलिमीटरच धरा. एखाद्या ठिकाणी दोन थर जुळले तर मी डोळेझाक करते, खिडकीच्या कडेला कधी कधी इलाजच नसतो. पाच थर जुळले म्हणजे भिंतीत तेवढ्या उंचीची उभी चीर तुम्ही बांधून घेतली आहे. पुढे भेग जाईल ती तिथूनच. असं का होतं तेही फोटोत दिसतं: रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धुकं, म्हणजे तोडलेल्या अर्ध्या विटा, आहेत. दोन गवंडी दोन टोकांकडून बांधत आले, मधे भेटले तेव्हा उरलेल्या जागेत वीट बसेना, मग हाताला लागेल तो तुकडा कोंबला. पहिल्या थरात विटा कोरड्या मांडून बघितल्या असत्या तर हे टळलं असतं. पाच मिनिटांचं काम असतं ते.

आणि तिसरी गोष्ट, उजेड. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजीची वाटली ती हीच, आणि तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिली आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका भिंतीचे चार थर काढायला लावले होते. सांधे कुठे जाड, कुठे बारीक होते, एवढंच कारण. गवंडी काही बोलला नाही. थर उतरवले, विटा खरवडून साफ केल्या, परत बांधले. त्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतली भिंत मी पास केली, कारण ती पट्टीने आखल्यासारखी रेखीव होती. दोन पावसाळे गेले आणि त्या रेखीव भिंतीला आतून ओल आली. गिलावा फोडला, तर उभ्या सांध्यांत माल नव्हताच. विटांच्या बाहेरच्या कडांना थापीने बोटभर माल फासून ओठ मिटावेत तसे सांधे मिटवले होते. आत पोकळी. आणि ज्या भिंतीचे थर मी उतरवले होते, तिच्या सांध्यांत माल ठासून भरलेला होता, हे मला तेव्हाही दिसलं होतं. फक्त मी ते बघत नव्हते. वाकड्यातिकड्या पण भरलेल्या सांध्यांसाठी मी एका चांगल्या कारागिराला राबवलं, ही गोष्ट अजून सलते.

उजेड दिसतो तिथे ओठसुद्धा मिटवलेले नाहीत. जिथे मिटवले आहेत तिथलं बाहेरून दिसणार नाही. म्हणून एक करा. सायकलच्या चाकाची एक जुनी तार घ्या आणि वरच्या दीड मीटरात दहा-पंधरा उभे सांधे टोचून बघा. भरलेला सांधा तार आत घेत नाही. पोकळ सांध्यात वरचा पापुद्रा फुटून तार सुळकन जाते. खालच्या भागातही तीन-चार ठिकाणी बघा, म्हणजे फरक कळेल. मग खिळा घेऊन आडव्या सांध्यावर ओरखडा काढा. आठवडाभर पाणी मारलेल्या मालावर पांढरट रेघ उमटते आणि खिळा करकरतो. माल पिठासारखा झडत असेल तर सिमेंट कमी पडलंय किंवा विटा कोरड्या लावल्यात. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. आणखी एक कारण नेहमी सापडतं: जेवणाच्या सुट्टीआधी कालवलेला माल, दुपारी परत पाणी घालून हलवलेला. सिमेंटचा माल पाणी घातल्यापासून दोन तासांत संपला पाहिजे. त्यानंतर तो मऊ करता येतो, जिवंत करता येत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. घर पाडायचं नाही. भिंतही पाडायची नाही. या एका भिंतीचा दीड मीटरच्या वरचा भाग उतरवून घ्या.

नुसते १४ मिलिमीटर असते तर मी तसं म्हटलं नसतं. तुमचं घर कॉलम-बीमवर उभं आहे, ही भिंत स्लॅबचं वजन घेत नाही. गिलाव्यात फरक निघाला असता. आतल्या बाजूला खाली १२ मिलिमीटर गिलावा, वर २६, आणि बाहेरच्या बाजूला याच्या उलट. २६ मिलिमीटर एका हातात, म्हणजे एकाच थरात, मारला तर तो वजनाने सुटतो, पोकळ राहतो, म्हणून दोन हातांत मारायला लावला असता, वरच्या भागात जाळी ठोकून, आणि जादा मालाचा खर्च ठेकेदाराच्या नावावर लिहिला असता. पण कलली आहे, सांधे जुळले आहेत आणि पोकळ आहेत, हे तिन्ही एकाच दीड मीटरात असताना आणि ती भिंत बाहेरची, पाऊस झेलणारी असताना गिलाव्यावर भरवसा ठेवायचा नाही. तुमच्या तारेच्या परीक्षेत सांधे भरलेले निघाले तर मला परत लिहा, मी मत बदलेन.

उतरवताना घणाने ठोकू देऊ नका, खालचं चांगलं काम हादरून सुटेल. छिन्नीने वरून एकेक थर सोडवायचा. पहिली वीट सुटली की ती उलटी करून बघा. चांगल्या कामात विटेच्या पूर्ण तळाला माल चिकटलेला येतो. वीट स्वच्छ, धुतल्यासारखी हातात आली तर ती न भिजवता लावली होती. जिथून नवं काम सुरू होणार तो थर घासून ओला करायचा. शेवटचा, बीमखालचा थर मात्र लगेच भरू नये. खालचे थर काही दिवस बसू द्यावेत आणि मग फट घट्ट मालाने ठासावी, नाहीतर बीमखाली आडवी चीर हमखास दिसते.

बाकी ग्रुपवर जे काही गाजलं ते सोडून द्या. विटांचा रंग वेगवेगळा आहे, असू दे. कोपरे उडालेल्या विटा गिलाव्याच्या भिंतीत चालतात. भिंतीवर मालाचे ओघळ आहेत, ते घासून निघतील. ती चौकोनी भोकं परांचीच्या बांबूंची आहेत, गिलाव्याआधी विटेचा तुकडा आणि माल घालून पूर्ण खोलीपर्यंत बुजवा, नुसती तोंडं लिंपून घेऊ नका. सांधे १० मिलिमीटरच्या आसपास असावेत, ८ ते १२ मानकात बसतात, आणि एखादा १५ निघाला म्हणून मी तरी भांडणार नाही. दुसऱ्या फोटोतल्या दाराच्या वरचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, दोन्ही बाजूंना किती टेकला आहे तेवढं मोजा. १५० मिलिमीटर असेल तर ठीक.

ठेकेदाराशी बोलताना काकांना बरोबर नेऊ नका. गवंड्याला बाजूला घेऊन खालच्या दीड मीटराचं काम आधी दाखवा, हे कुणी बांधलं म्हणून विचारा, आणि वरचं त्याच हाताने करून हवं म्हणा. मग ठेकेदाराला तीन आकडे लिहून द्या, साइटच्या वहीत नोंद करा आणि गिलाव्याचा हप्ता त्यानंतरच द्या. तो म्हणतो ते खरंच आहे, गिलाव्यात सगळं झाकून जातं. तुमच्या हातात आजपासून गिलाव्यापर्यंतचे दिवस आहेत.


प्रश्न : बाई, मी निवृत्त शिक्षक आहे, मुलाच्या घराच्या कामावर रोज जाऊन बसतो. ओळंबा वाऱ्याने हलत राहतो, माप धड मिळत नाही. गवंडी म्हणतो आमची पाणसळ बरोबर आहे, मला तिचाच संशय येतो.

उत्तर : गुरुजी, ओळंबा पाण्याने भरलेल्या बादलीत सोडा. गोळा पूर्ण बुडाला पाहिजे आणि बादलीच्या तळाला किंवा कडेला लागता कामा नये. मिनिटभरात दोरी स्थिर होते.

पाणसळीचा संशय दोन मिनिटांत फिटेल. ती भिंतीवर किंवा फरशीवर ठेवा, बुडबुडा कुठे थांबतो ते बघा. मग त्याच जागी टोकं उलटसुलट करून ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला, तितकाच सरकलेला दिसला तर पाणसळ खरी आहे आणि पृष्ठभाग तिरका आहे. उलटल्यावर बुडबुडा दुसऱ्या बाजूला गेला तर पाणसळच खोटी. साइटवर ती परांचीवरून किती वेळा पडते हे मी बघितलेलं आहे, त्यामुळे तुमचा संशय अगदीच अनाठायी नाही. लांबच्या दोन भिंतींचे थर एका उंचीला आहेत का, हे मात्र पाणसळीने बघू नका. पारदर्शक नळीत पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, आणि दोन टोकांची पाण्याची पातळी भिंतींवर खुणा करून घ्या. यात बिघडण्यासारखं काही नाही.

आणि रोज जाऊन बसता तर सकाळी लवकर जा. विटा टाकीत भिजत पडल्या आहेत का, हे काम सुरू व्हायच्या आधीच बघायचं असतं. पाण्यात टाकलेल्या विटेतून बुडबुडे येणं थांबलं की ती पुरेशी भिजली. काम चालू असताना गवंड्याच्या पाठीशी उभं राहून प्रत्येक विटेला मान हलवू नका. कुणाच्याही हाताला कंप सुटेल.


प्रश्न : भिंती बांधून महिना झाला. खालच्या बाजूला विटांवर पांढरी पावडर फुटली आहे. विटा खराब आहेत असं शेजारी म्हणतात. ठेकेदार पाण्याने धुऊन देतो म्हणतो.

उत्तर : धुऊ देऊ नका. ती पावडर म्हणजे क्षार, आपण लोणा म्हणतो तो. वीट, वाळू, सिमेंट किंवा पाणी यांतून क्षार भिंतीत येतात, भिंत वाळताना पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पाणी उडून गेलं की मागे राहतात. पाण्याने धुतलं तर ते विरघळून परत आत जातात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेटायला येतात. कोरड्या ब्रशने झाडा, खाली पडलेली पावडर उचलून बाहेर टाका, परत वाट बघा. नव्या भिंतीचा पहिला लोणा दोन-तीन वेळा झाडल्यावर कमी होत जातो. तो होईपर्यंत गिलावा थांबवा.

कमी होत नसेल, आणि फक्त तळाच्या तीन-चार थरांतच येत असेल, तर विटांना दोष देण्याआधी जोत्याकडे बघा. जोत्यावरचा ओलरोधक थर सलग आहे का? बाहेर भरावाची माती त्याच्याही वर चढवली आहे का? माती थराच्या वर आली की पाणी त्याला वळसा घालून भिंतीत शिरतं. बाहेरची माती थराच्या खाली १५० मिलिमीटर तरी हवी. खूपदा दोष गवंड्याचा नसतो, बागेसाठी हौसेने माती टाकणाऱ्या मालकाचा असतो.

विटांचीच शंका असेल तर वापरायच्या राहिलेल्यांपैकी एक घ्या, परातीत २५ मिलिमीटर पाणी घालून त्यात ती टोकावर उभी करा, हवेशीर जागी ठेवा आणि पाणी पूर्ण आटू द्या. परत तितकंच पाणी घाला, परत आटू द्या. वीट जवळपास स्वच्छ राहिली तर शेजाऱ्यांना सांगा. निम्म्याहून जास्त पृष्ठभाग पांढरा झाला तर ठेकेदाराला सांगा.


प्रश्न : हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंती आहेत. गिलावा झाल्यावर प्रत्येक कॉलमच्या कडेने वरपासून खालपर्यंत केसाएवढी उभी चीर आली आहे. घर खचतंय का? झोप लागत नाही.

उत्तर : झोपा. खचणाऱ्या घराची चीर प्रत्येक कॉलमपाशी इतक्या शिस्तीने येत नाही. ती तिरकी जाते, सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढते किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून निघते, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळती असते, आणि दारं अडकायला लागतात. तुमच्याकडे काँक्रीट आणि ब्लॉक ही दोन वेगळ्या स्वभावाची माणसं शेजारी उभी आहेत. तापमानाने दोघं वेगवेगळे फुगतात-आकसतात, शिवाय ब्लॉक वाळताना आकसतो. विटेसारखं ब्लॉकला भिजवत ठेवायचं नसतं, लावण्याआधी वरून पाण्याचा हबका पुरतो. तुमचे ब्लॉक पावसात उघडे पडले होते का, ते आठवून बघा.

गिलाव्याआधी कॉलम आणि भिंत यांच्या सांध्यावर दोन्हींना धरेल अशी जाळीची पट्टी ठोकायची असते. ती ठोकलेली नाही किंवा गिलाव्याबाहेर नुसती चिकटवली आहे, हाच खरा कामातला दोष. खात्री करायची तर एका ठिकाणी हातभर गिलावा काढून बघा. जाळी नसेल तर प्रत्येक चिरेच्या दोन्ही बाजूंचा गिलावा पट्टीभर काढून जाळी लावून परत करणं, हा टिकाऊ उपाय. तो ठेकेदाराने करायचा. नुसती पुट्टी भरून रंग लावला तर पुढच्या उन्हाळ्यात ती रेघ परत दिसेल.

तरी जिवाला घोर असेल तर प्रत्येक चिरेच्या दोन टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा, आणि एका चिरेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. तीन महिन्यांत काच तडकली नाही तर हे पत्र विसरून जा. तडकली तर माझ्याकडे येऊ नका, थेट स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा.


प्रश्न : आतल्या अर्ध्या विटेच्या भिंती उद्या-परवा पूर्ण होतील. मग वायरिंगवाला खाचा मारणार आहे. काही लक्ष ठेवायला हवं का?

उत्तर : हवंच. गवंड्याने नीट बांधलेली भिंत चार दिवसांनी कटर घेऊन आलेला माणूस बिघडवतो आणि नाव गवंड्याचं खराब होतं. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा नको. तुमच्या भिंतीची जाडी ११५ मिलिमीटर धरली तर उभी ३८, आडवी जेमतेम १९. म्हणजे २५ मिलिमीटरची साधी नळीसुद्धा आडवी मावत नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बोर्डाचे खोके बसवू देऊ नका, मधे काहीच उरत नाही. छिन्नी-हातोड्याला मनाई करा, कटरने दोन रेघा मारून मधला भाग अलगद काढायचा. आणि भिंत बांधून निदान सात दिवस पाणी मारून झाल्याशिवाय कटर लावायचा नाही. बोर्ड कुठे हवेत ते घरातल्या सगळ्यांना बरोबर नेऊन आजच खडूने भिंतीवर काढून ठेवा, म्हणजे प्रत्येक नळी स्लॅबकडून सरळ खाली उतरेल आणि आडवी खाच मारायची वेळच येणार नाही.